एका जिनसाऐवजी दुसरा: काय निभावते, काय बिघडते आणि का

सांजवेळ

नमस्कार. मी तीन वर्षांपासून जर्मनीतील एका लहान गावात राहते. सर्वांत जवळचे भारतीय दुकान रेल्वेने सव्वा तासावर असल्यामुळे एखादा जिन्नस संपला की घरात जे असेल त्यावर भागवण्याकडे माझा कल असतो. या भागवण्यातून कधी पदार्थ उत्तम होतो, तर कधी सरळ कचऱ्याच्या डब्यात जातो, आणि दोन्ही वेळा असे का झाले हे मला उमगत नाही.

गेल्या रविवारी ढोकळा करायला घेतला आणि फ्रूट सॉल्ट संपल्याचे लक्षात आले. येथे ‘नाट्रोन’ या नावाने खाण्याचा सोडा मिळतो, म्हणून फ्रूट सॉल्टच्या प्रमाणातच सोडा घातला. ढोकळा फुगला, परंतु त्यावर ठिकठिकाणी लाल ठिपके उमटले आणि चव अशी लागली की जणू कोणी भांडे नीट विसळलेच नव्हते. नवऱ्याने एक तुकडा खाल्ला आणि ‘शेजाऱ्यांना मात्र देऊ नकोस’ एवढेच म्हणाला. त्याआधी येथील रव्याचा उपमा केला होता, त्याची खीर झाली. संक्रांतीला गुळाऐवजी तपकिरी साखर घेऊन तिळाच्या वड्या केल्या, त्या वाळूसारख्या भुरभुरल्या. आमसुले नव्हती म्हणून आमटीत आधीच लिंबू पिळून ती उकळली, तर ती कडवट झाली.

‘याऐवजी हे वापरा’ अशा याद्या मी पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांमध्ये प्रमाण असते, कारण नसते. आपल्यापैकी ज्यांना कारणे ठाऊक आहेत त्यांनी ती सविस्तर लिहावीत, ही विनंती.

क्षारपड

सांजवेळ, आपल्या ढोकळ्यात चूक एकच झाली असून लाल ठिपके आणि ती चव ही दोन्ही तिचीच अपत्ये आहेत. मी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबले तर क्षमा असावी.

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याला आम्ल भेटले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि त्या वायूचे बुडबुडे पिठात अडकून पदार्थ हलका होतो. आम्ल भेटले नाही, तरी उष्णतेने सोडा फुटतोच; पण मग तो निम्माच वायू देतो आणि मागे सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, शिल्लक ठेवतो. ती साबणासारखी चव त्याची होती. ठिपक्यांचे कारण हळद आहे. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे आपण घरोघरी पाहिलेले असते. सोडा नीट न मिसळता जेथे जेथे साचून राहिला, तेथे तेथे हळदीने तेच केले.

फ्रूट सॉल्टमध्ये सोडा एकटा नसतो, त्यासोबत सायट्रिक आम्लही असते, आणि दोघांची वजने जवळपास सारखी असतात. म्हणून 5 ग्रॅमच्या एका पुडीऐवजी, जी साधारण दीड वाटी बेसनाला पुरते, अर्धा चहाचा चमचा सोडा आणि त्याहून किंचित कमी लिंबूसत्त्व, म्हणजे तेच सायट्रिक आम्ल, घ्यावे. लिंबूसत्त्व पिठात आधी विरघळवून ठेवावे, पाण्याला उकळी आल्यावरच सोडा चाळून घालावा, पीठ एकाच दिशेने झरझर फिरवावे आणि लगेच भांडे वाफेवर ठेवावे. वायू सुटण्याची क्रिया ताबडतोब सुरू होते, त्यामुळे या टप्प्यावर दारावरची घंटा वाजली तरी उघडायला जाऊ नये. जर्मनीत लिंबूसत्त्व स्वच्छतेच्या सामानाच्या फळीवरही मिळते असे ऐकून आहे. ते किटलीतील क्षारांचा थर काढण्यासाठी असते. खाद्यपदार्थ असा उल्लेख असलेले पाकीटच घ्यावे.

बेकिंग पावडरची गोष्टही याच सूत्राने समजते. तीत सोडा, कोरडे आम्लयुक्त क्षार आणि दोघांना एकमेकांपासून कोरडे ठेवणारा थोडा स्टार्च असतो. त्यामुळे एक चमचा सोडा साधारण तीन ते चार चमचे बेकिंग पावडरचे काम करतो, आणि तेही आम्ल पुरवले तरच. केकच्या कृतीत एक चमचा बेकिंग पावडर सांगितली असून घरात फक्त सोडा असेल, तर पाव चमचा सोडा घालावा आणि कृतीतील दुधापैकी अर्धा कप दूध वगळून तेवढे आंबट ताक किंवा घोटलेले दही घ्यावे. दह्याचा आंबटपणा रोज वेगळा असतो, त्यामुळे येथे काटेकोर गणित चालत नाही. गोड, ताज्या दह्याने हे काम होत नाही, एवढे मात्र नक्की.

उलट दिशेने, म्हणजे सोड्याऐवजी बेकिंग पावडर वापरणे, हे सोपे वाटते पण तितकेसे सोपे नसते. सोड्याच्या तिप्पट पावडर घातली की फुगण्याचा प्रश्न सुटतो. परंतु त्या कृतीतील ताक, मध किंवा गूळ यांचे आम्ल ज्या सोड्याने मारले जायचे ते तसेच राहते आणि पदार्थ आंबूस लागतो. शिवाय सोड्यामुळे येणारा गडद तांबूस रंगही येत नाही. चॉकलेट केकमध्ये आणखी एक मेख असते. साध्या कोकोमध्ये आम्ल असते, तर डच पद्धतीच्या कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केलेली असल्यामुळे त्यातील आम्ल आधीच नाहीसे झालेले असते. कृतीत केवळ कोकोच्या भरवशावर सोडा सांगितला असेल आणि आपण दुसऱ्या प्रकारचा कोको घेतला, तर सोडा उपाशी राहतो आणि केक बसतो.

सांजवेळ

क्षारपड सर, हळदीच्या डागाचे उदाहरण वाचून मी हसले आणि स्वतःवर चिडलेही, कारण हा प्रयोग आम्ही सातवीत केला होता. येथे बेकिंग पावडर साधारण 15 ग्रॅमच्या पुड्यांमध्ये मिळते. ती चमच्याने मोजायची की पुडीने?

क्षारपड

त्या पुड्या साधारणपणे 500 ग्रॅम पिठाच्या हिशेबाने भरलेल्या असतात. तेव्हा 250 ग्रॅम मैद्याला अर्धी पुडी, असा वजनाचाच हिशेब ठेवावा. जुनी उघडलेली पुडी असेल तर चिमूटभर पावडर गरम पाण्यात टाकून पाहावी. ती फसफसली नाही तर केकला हात लावू नये.

माडाखाली

माझे घर मालवणजवळ आहे, म्हणून आंबटाबद्दल लिहितो. ‘आंबट’ हा आमच्या स्वयंपाकघरात एक जिन्नस नाही, ती चार-सहा जिनसांची भावकी आहे, आणि भावकीत कोणाला कोणाच्या जागी बसवायचे याचे नियम असतात.

आमसूल आमटीचा किंवा साराचा पातळपणा तसाच ठेवते, थोडी लालसर छटा देते आणि उकळीत घातले तरी बिघडत नाही. चिंचेमध्ये टार्टारिक आम्ल असते आणि तिचा कोळ गराचा असल्यामुळे रस्सा दाट व काळपट होतो. तिचा कच्चट वास जाण्यासाठी तिला चांगले उकळावे लागते, आणि तिच्या सोबतीला गुळाचा खडा नसेल तर ती एकटीच बोलत राहते. लिंबू या दोघांच्या अगदी उलट आहे. त्याचा अर्धा गुण त्याच्या सुगंधात आहे आणि तो सुगंध उकळीत टिकत नाही. रसासोबत बी किंवा सालीचा अंश गेला असेल तर उकळल्यावर कडवटपणाच तेवढा मागे उरतो. आपल्या आमटीचे असेच झाले असावे. आमसुलाऐवजी लिंबू घ्यायला हरकत नाही, परंतु ते आच बंद केल्यावर, भांडे खाली उतरवून, ताटात वाढण्याच्या थोडे आधी पिळावे.

आमसुलाऐवजी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरणार असाल तर एक गोष्ट विसरू नये. आगळात मीठ असते, त्यामुळे आधी आगळ घालावे, मग चव पाहून मीठ. हा क्रम माझ्याकडून एकदा उलटा झाला आणि पाहुण्यांनी जेवताना तीन तांबे पाणी संपवले. आमचूर कोरड्या भाजीत आमसुलाची जागा घेऊ शकते, माशाच्या कालवणात मात्र ती नको, कारण ती रशात नीट विरघळत नाही आणि जिभेला चरचरीत लागते. पावसाळ्यापूर्वी कैरी असते, पुढे बिंबले किंवा अंबाडे असतात. बिंबल जबर आंबट असल्यामुळे ते आमसुलाच्या मापाने घालायचे नसते. चार माणसांच्या कालवणात दोन पुरतात.

सोलकढीबाबत माझे मत कठोर आहे. नारळाचे दूध आणि आमसूल यांखेरीज तिथे काही चालत नाही. काही खानावळींमध्ये आमसूल वाचवण्यासाठी बिटाचा रंग देतात. ते गुलाबी दिसते, एवढेच.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक उपयोगी गोष्ट: बांगड्याच्या कालवणातील तिरफळ मिळत नसेल, तर चिनी दुकानात सिचुआन मिरी मिळते. दोन्ही एकाच कुळातली, झँथोझायलम या प्रजातीची फळे आहेत आणि दोन्हींची बी टाकून सालच घ्यायची असते. सिचुआन मिरी जिभेला अधिक बधिर करते आणि तिचा वास लिंबाकडे झुकतो, म्हणून आठ तिरफळांच्या जागी चार-पाच दाणे घालून पाहावेत. तिरफळाच्या बाबतीत मला एवढा जवळचा दुसरा नातेवाईक सापडलेला नाही.

नेकरकाठ

मी स्टुटगार्टजवळ अकरा वर्षे राहत आहे, त्यामुळे सांजवेळ यांच्या उपम्याचे दुःख मी प्रत्यक्ष भोगलेले आहे. येथील दुकानात सहज हाती येणारे रव्याचे पाकीट बहुधा मऊ गव्हाचे असते, कारण जर्मन घरांमध्ये ते दुधातील गोड लापशीसाठी वापरतात आणि त्या लापशीला तो विरघळलेला मऊपणाच हवा असतो. आपण पाकिटावर ‘हार्टवाइत्सनग्रीस’, म्हणजे कठीण गव्हाचा रवा, असे लिहिलेले पाहून घ्यावे. तोही आपल्या जाड रव्यासारखा तंतोतंत नसतो, पण खमंग भाजला तर दाणा मोकळा राहतो. शिरा तर त्याचा फारच सुंदर होतो.

मैद्याच्या जागी टाईप 405 चालतो. हा आकडा पिठातील राखेचा, म्हणजे खनिजांचा असतो: 100 ग्रॅम कोरड्या पिठात साधारण 405 मिलिग्रॅम. आकडा वाढत गेला की पिठात कोंड्याचा अंश वाढत जातो. येथील संपूर्ण गव्हाच्या पिठाच्या पोळ्या मात्र निबर होतात, कारण आपल्या जात्याच्या किंवा गिरणीच्या आट्यात दळताना स्टार्चचे कण अधिक भरडले जातात आणि ते पाणी भरपूर पितात, तर येथील पीठ वेगळ्या पद्धतीने दळलेले आणि जाडसर कोंड्याचे असते. मी ते चाळून, त्यात निम्मे टाईप 1050 मिसळून, थोड्या कोमट दुधात सैलसर भिजवते आणि पाऊण तास झाकून ठेवते. पोळी आईच्या पोळीसारखी होत नाही, परंतु दुसऱ्या दिवशी डब्यातही मऊ राहते.

भारतीय दुकान लांब असले तरी तुर्की दुकान बहुतेक प्रत्येक गावात असते, आणि मराठी स्वयंपाकासाठी ते वरदान आहे. तेथे ‘सुझ्मे योगुर्त’ म्हणून जे दही मिळते ते मुळात टांगून पाणी काढलेलेच असते, म्हणजे जवळपास आपला चक्काच. आमच्या येथील बहुतेक मराठी घरे श्रीखंडासाठी क्वार्क, म्हणजे येथील ताजे मऊ चीज, वापरतात. मीही अनेक वर्षे तेच केले. पण क्वार्कचे विरजण वेगळ्या जिवाणूंचे असते आणि त्यात बहुधा थोडे रेनेटही (दूध साकळवणारे विकर) घालतात, त्यामुळे त्याला आंबटपणा कमी आणि किंचित पिठूळ पोत असतो. तुर्की दह्याचे श्रीखंड चवीला कितीतरी जवळचे लागते. क्वार्कच वापरायचा असेल तर कोरड्या अंशात 40 टक्के स्निग्धांश असलेला घ्यावा, रात्रभर फडक्यात टांगावा आणि साखर घालण्यापूर्वी बारीक चाळणीतून दोनदा घासून काढावा. वसारहित क्वार्कच्या वाटेला जाऊ नये. त्याच दुकानात डाळिंबाच्या रसाचा आटवलेला पाक मिळतो, तो चिंच-गुळाच्या चटणीला चालतो. मात्र स्वस्त बाटल्यांमध्ये ग्लुकोजचा पाकच अधिक असतो, म्हणून घटक वाचून घ्यावी.

आता तिळाच्या वड्या. तपकिरी दिसणारी प्रत्येक साखर ही गुळाची बहीण नसते. पुष्कळदा ती साधी पांढरी साखरच असते आणि तिला काकवीचा किंवा करपवलेल्या साखरेचा रंग दिलेला असतो. अशा साखरेचा पाक पुन्हा स्फटिक धरतो आणि वडी भुरभुरते. गुळात सुक्रोजबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात. तीच पाकाला स्फटिक धरू देत नाहीत आणि वडीला चिवटपणा देतात. येथे ‘फोलरोर्त्सुकर’ नावाने उसाचा रस आटवून वाळवलेली जी भुकटी मिळते, ती म्हणजे प्रत्यक्षात गुळाची पूडच. अमेरिकेतल्या मंडळींना मेक्सिकन दुकानातील पिलोन्सिलोच्या ढेपा तशाच उपयोगी पडतात. यांपैकी काहीच नसेल तर पांढऱ्या साखरेच्या पाकात एक मोठा चमचा ग्लुकोजचा पाक आणि थोडे लिंबू घालावे. वडी जमेल, गुळाची चव येणार नाही.

एक सूचना राहिली. येथील चण्याचे पीठ बहुधा काबुली चण्याचे असते, आपले बेसन हरभऱ्याच्या डाळीचे. या पिठाला पाणी वेगळे लागते, म्हणून ढोकळ्यासाठी पाणी एकदम ओतू नये.

पाटावरवंटा

चर्चा माहितीपूर्ण आहे, परंतु माझा एक मूलभूत आक्षेप नोंदवते. क्वार्कचे गोड करून खावे, त्याला कोणाची ना नाही. पण त्याला श्रीखंड का म्हणावे? उद्या मुले तीच चव खरी समजतील. हाच प्रकार गोडा मसाल्याचा. पुण्या-मुंबईतसुद्धा लोक आमटीत सर्रास गरम मसाला ढकलतात आणि वर ‘चालतं की’ असे म्हणतात. गोड्या मसाल्यात दगडफूल असते, नागकेशर असते, भाजलेले सुके खोबरे आणि तीळ असतात, धने भरपूर असतात. गरम मसाल्यात यांतील पहिली चार सहसा नसतातच. गरम मसाल्याने आमटी तिखट आणि उष्ण होते, गोडा मसाला तिला गोलाई देतो. अगदीच अडले तर पाव चमचा गरम मसाला, एक चमचा धनेपूड आणि प्रत्येकी एक चमचा खमंग भाजून कुटलेले तीळ व सुके खोबरे असे मिश्रण करावे. दगडफुलाला मात्र पर्याय नाही, आणि ज्याला पर्याय नाही त्याशिवाय पदार्थ करण्यापेक्षा त्या दिवशी दुसरे काही करावे.

जुनीपाने

पाटावरवंटाताई, आपल्या गोड्या मसाल्याच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे, पण नावाच्या आग्रहाशी नाही. तुम्ही चतुर्थीला जी साबुदाण्याची खिचडी करता, तो साबुदाणा स्वतःच पर्यायी जिन्नस आहे. साबुदाणा मूळचा आग्नेय आशियातील सागो नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या खोडातील पिठाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो माल येईनासा झाला आणि तमिळनाडूतील सेलम भागात टॅपिओकाच्या कंदापासून तसेच मोती बनवण्याचा धंदा उभा राहिला. टॅपिओका दक्षिण अमेरिकेतला. त्यात बटाटा दक्षिण अमेरिकेतलाच, हिरवी मिरची मेक्सिकोच्या बाजूची, आणि शेंगदाणेही दक्षिण अमेरिकेतलेच. आपल्या उपवासाच्या ताटलीतील एवढे सगळे परके असूनही खिचडीला कोणी दुसरे नाव ठेवलेले नाही.

गोव्यातही तेच दिसते. पोर्तुगीजांना पाव हवा होता आणि यीस्ट नव्हते, म्हणून पोदेरांनी, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनी, माडाच्या ‘सूर’ने, म्हणजे माडीने, पीठ आंबवले. विंदालूच्या मूळ पोर्तुगीज नावात द्राक्षाची वाइन आणि लसूण आहे. गोव्यात वाइनच्या जागी माडाचे व्हिनेगर आले आणि आज त्या व्हिनेगरशिवाय केलेल्या विंदालूला गोवेकर नाक मुरडतात.

हे सांगताना मला माझ्या आईची आठवण येते. 1972 च्या दुष्काळात आमच्याकडे रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिळत असे. तिची भाकरी थापताना चिरत जायची. भाकरीच्या कोणत्याच पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, पण आपल्या मालदांडी ज्वारीला कोमट पाण्यावर भागते, या पिठाला भागत नसे. आईने दोन दिवस प्रयत्न करून पाहिले आणि तिसऱ्या दिवशी निम्म्या पिठाची उकळत्या पाण्यात उकड काढून उरलेले पीठ त्यात मळले. उकळत्या पाण्याने स्टार्च फुलून चिकट होतो, हे कारण मला फार नंतर वाचनातून कळले. आईला कारण ठाऊक नव्हते. भाकरी मात्र अख्खी निघाली. चव कोणालाच आवडली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

पाटावरवंटा

साबुदाण्याचा मुद्दा मान्य. श्रीखंडाचा अजूनही नाही.

अंडेबंद

घरात लहान मुलाला अंड्याची ॲलर्जी असल्यामुळे मला गेली सहा वर्षे अंड्याला पर्याय शोधावे लागले आहेत. अनुभवावरून सांगते की ‘अंड्याऐवजी काय?’ हा प्रश्नच अपुरा आहे. एक अंडे कवच सोडून साधारण 50 ग्रॅम भरते. ते त्या कृतीत ओलावा देते, घटक धरून ठेवते, तेल आणि पाणी एकत्र नांदवते आणि फेटल्यावर हवा पकडते. ही सगळी कामे दुसरा कोणताही जिन्नस एकटा करत नाही.

कटलेट किंवा कुकीजमध्ये अंडे फक्त धरून ठेवण्यासाठी असते. तेथे एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवली की जो बुळबुळीत लगदा होतो तो पुरतो. साध्या केकमध्ये अंडे मुख्यतः ओलावा आणि बांधणी देते, म्हणून दर अंड्यामागे पाव कप दही घालावे आणि क्षारपड सरांनी सांगितल्याप्रमाणे त्या आम्लासाठी थोडा सोडा ठेवावा. पिकलेले केळेही पाव कप चालते, पण मग तो केळ्याचा केक होतो; दुसरे कोणते नाव दिले तरी वास खरे सांगतो. आपल्याकडचा घट्ट गोड दुधाच्या डब्याचा केक मला या सर्वांत विश्वासार्ह वाटतो, कारण ती कृती मुळातच अंड्याविना रचलेली आहे.

मरँगसारख्या, निव्वळ फेसावर उभ्या असलेल्या पदार्थासाठी छोले शिजवलेले दाट पाणी वापरतात. 2014-15 च्या सुमारास फ्रान्स आणि अमेरिकेतील हौशी मंडळींनी ही युक्ती शोधली. तीन मोठे चमचे पाणी म्हणजे एक अंडे, असे माप आहे. मी पहिल्यांदा केले तेव्हा विश्वास बसला नाही; हातयंत्राने दहा मिनिटे फेटल्यावर खरोखरच शुभ्र, टोके धरणारा फेस झाला. मिठाशिवाय शिजवलेले पाणी घ्यावे.

ज्या केकमध्ये चार-सहा अंडी फेटून घालायची असतात, तो केक पर्यायाने करायच्या भानगडीत पडू नये. मी चार वेळा पडले आहे.

गव्हाशिवाय

सेलियॅक, म्हणजे गव्हातील ग्लुटेन न चालणारा आजार, असलेल्यांच्या घरासाठी दोन ओळी. बाजारातील बांधणीच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते, त्यामुळे भाकरी आणि भात खाऊनही फोडणीतून ग्लुटेन पोटात जाते. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग शोधावा. गव्हाच्या पोळीच्या जागी ज्वारी-तांदळाची पोळी लाटायची असेल तर वाटीभर पिठाला एक चहाचा चमचा इसबगोल घालून उकळत्या पाण्यात पीठ भिजवावे. जुनीपाने यांच्या आईंची उकड आणि हे इसबगोल मिळून पोळी दुमडते, तुटत नाही.

लोणकढे

तुपा-लोण्याबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून लिहितो. विकतच्या लोण्यात, म्हणजे बटरमध्ये, किमान 80 टक्के स्निग्धांश असतो आणि बाकी बहुतेक पाणी. तूप जवळजवळ पूर्ण स्निग्धांश. म्हणून 100 ग्रॅम बटरऐवजी 80 ग्रॅम तूप किंवा तेल आणि एक मोठा चमचा दूध घ्यावे. घरच्या लोण्यात पाणी किती उरले आहे ते ज्याच्या त्याच्या हातावर असते, त्यामुळे नानकटाईला ते वापरू नये. नानकटाईत तूप थिजलेले, रवाळ हवे. वितळलेले घातले तर भट्टीत तिची चपटी चकती होते. पूर्वी लोक डालडा घालत, कारण त्याचा वितळणांक उंच असल्यामुळे आकार टिकतो. डालडा 1937 मध्ये आला तो तुपाला स्वस्त पर्याय म्हणूनच. जुन्या वहीतील नानकटाईच्या कृतीत डालड्याचे जे माप असेल, तेवढेच तूप घेतल्यास पीठ थोडे सैल वाटते. एक-दोन चमचे बेसन वाढवावे. त्याने खुसखुशीतपणाही येतो.

उपासतापास

उपवासाच्या कढीला बेसनाऐवजी शिंगाड्याचे पीठ लावावे, निम्मे पुरते आणि ते लवकर तळाशी बसते म्हणून ढवळत राहावे. कोथिंबीर घालायची की नाही हे मात्र कोणत्याही रसायनशास्त्राने सुटणार नाही. ते सासूबाईंना विचारावे.

सांजवेळ

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या दोन आठवड्यांत मी चार गोष्टी करून पाहिल्या, त्यांचा अहवाल देते.

ढोकळा जमला. अर्धा चमचा सोडा आणि जरा कमी लिंबूसत्त्व, पाण्याला उकळी आल्यावरच सोडा. ठिपके एकही नाहीत. पहिल्या खेपेला पाणी नेहमीच्या मापाने घातले तेव्हा पीठ पातळ झाले, कारण पीठ काबुली चण्याचे होते; दुसऱ्या खेपेला पाव वाटी पाणी कमी केले आणि जाळी सुरेख पडली. हा ढोकळा शेजाऱ्यांना दिला.

कठीण गव्हाच्या रव्याचा उपमा मोकळा झाला. आमटीत लिंबू शेवटी पिळले, चांगली लागली, पण ती आमसुलाची आमटी नव्हती आणि मला ते जेवताना सारखे जाणवत राहिले. पुढच्या वेळी भावाकडून अर्धा किलो आमसुले मागवणार आहे. तुर्की दह्याचे श्रीखंड केले. पाटावरवंटाताईंचा मान राखून घरात त्याला ‘गोड दही’ म्हटले, आणि माझ्या मुलीने पहिल्याच चमच्याला विचारले, ‘आई, हे श्रीखंड तू कधी केलंस?’

एकच गोष्ट फसली. गुळाच्या त्या भुकटीची तांदळाची खीर केली आणि दूध फाटले.

नेकरकाठ

भुकटी उकळत्या दुधात घातली असणार. गुळात थोडे आम्ल असते आणि उकळत्या दुधाला तेवढेही पुरते. तांदूळ शिजले की आच बंद करावी, खीर कोमट होऊ द्यावी, भुकटी दोन चमचे पाण्यात वेगळी विरघळवून, गाळून, थंड करून मग घालावी, आणि त्यानंतर खीर पुन्हा उकळू नये. फाटलेली खीर टाकली नसेल तर गाळून घ्या. वरचा चोथा तुपावर परतून आटवला की वड्या पडतात.

सांजवेळ

टाकलेली नाही. आत्ताच कढईत घालते.